जैसलमेरचा दुर्ग आणि पाण्याचा थेंब

थरच्या वाळवंटात त्रिकूट टेकडीवर रावल जैसल यांनी इ. स. ११५६ मध्ये दुर्गाची स्थापना केली. मावळतीच्या उन्हात त्याचा पिवळा वालुकाश्म उजळतो. म्हणूनच त्यास ‘सोनार किल्ला’ हे नाव पडले.

सुमारे २५० फूट उंचीच्या या टेकडीला ९९ बुरुजांची माळ आहे. त्यांपैकी बहुतेक बुरूज सतराव्या शतकात बांधले वा पुन्हा उभारले गेले. तटावर मांडलेले गोल दगड चढून येणाऱ्या शत्रूवर लोटण्यासाठी असत. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल व हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत वळणावळणाची वाट माथ्यावर पोहोचते.

सिंध व मुलतानकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर हे नगर समृद्ध झाले. त्या व्यापारात अग्रभागी असलेल्या श्रावकांनी आपली संपत्ती जिनालयांत ओतली. पार्श्वनाथ, चंद्रप्रभ, ऋषभदेव, शांतिनाथ यांची कोरीव मंदिरे आजही गडावर नांदती आहेत. संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात स्थापन केलेले ज्ञानभांडार आहे. तेथील ताडपत्रे टिकली, त्यामागे श्रावकांची निष्ठा आहे, तशीच वाळवंटाची कोरडी हवाही.

हा दुर्ग कोरडेपणासाठीच घडला होता. पूर्वी खालच्या गडीसर तलावातून घागरींनी पाणी वर येई. चढ चढून आणलेला थेंब कोणी वाया घालवीत नसे. आजही गडावर हजारो लोक राहतात. पण विसाव्या शतकात नळ आले, पुढे पर्यटकांसाठी निवासगृहे वाढली, आणि सांडपाणी टेकडीत मुरू लागले. वालुकाश्माखालचे मातीचे थर ओलावले व सरकले. शतकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. अनेक वेढे सोसलेल्या तटाला अखेर घरातल्याच पाण्याने खिंडार पाडले.

२०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानातील अन्य पाच किल्ल्यांसह या दुर्गास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मात्र मानपत्राने पाया कोरडा होत नाही. यात्रेस जाणाऱ्या कुटुंबांनी दर्शन गडावर घ्यावे आणि मुक्काम खालच्या शहरात करावा, एवढे तर सहज शक्य आहे.

पाणी तुपासारखे जपून वापरावे, ही आपल्या घरांतील जुनी शिकवण. अप्कायिक जीवांच्या रक्षणासाठी सांगितलेला हा संयम पूर्वजांनी उभारलेल्या मंदिरांचेही रक्षण करील.