केनियांतील शेतकरी व त्यांची जमीन

आपल्या मासिकाच्या वाचकांस आफ्रिका खंडाची हकीकत सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. प्रयोजन एवढेंच कीं, ती हकीकत जमिनीची आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें; खातें, फेरफार व पीकपाहणी ह्यांपलीकडे त्याचें ज्ञान फारसें नाहीं. परंतु सेवानिवृत्तीनंतर केनिया देशाचा इतिहास वाचतांना त्यास असें दिसून आलें कीं, तेथील लोकांची जमीन बंदुकीनें जितकी गेली, त्याहून अधिक ती लेखणीनें गेली. लेखणीचें हें काम कसें चालतें, तें प्रत्येक जमीनधारकानें समजून घेणें इष्ट आहे.

केनिया हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील देश. भूमध्यरेषा त्याच्या मधून जाते. तथापि मध्यभाग पांच-सहा हजार फूट उंच असल्यामुळें हवा थंड, पाऊस बरा व माती तांबडी आणि कसदार आहे. ह्या प्रदेशांत किकुयू लोक शेती करीत व मसाई लोक गुरें राखीत. किकुयूंमध्यें जमिनीस धनी नव्हता असें नाहीं. ज्या पूर्वजानें रान तोडून जमीन वहितीस आणली, त्याच्या वंशजांच्या भावकीची ती जमीन मानीत. भावकीस ते ‘म्बारी’ म्हणत व तिच्या जमिनीस ‘गिथाका’. भावकीबाहेरचा मनुष्य परवानगीनें जमीन कसी. त्या कुळास ‘मुहोई’ असें नांव होतें. तंटे वृद्ध मंडळींच्या पंचायतींत मिटत. सारांश, हक्क होते, हद्दी होत्या, कुळें होतीं. नव्हता तो फक्त कागद.

इ. स. १८९५ मध्यें इंग्रजांनीं हा प्रदेश आपल्या संरक्षणाखालीं घेतला. पुढल्याच वर्षीं मोंबासा बंदरापासून आगगाडीच्या रस्त्यास आरंभ झाला व १९०१ मध्यें तो व्हिक्टोरिया सरोवरास पोंचला. ह्या कामावर हिंदुस्थानांतून, मुख्यतः पंजाबांतून, सुमारें ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मेले. खर्च पन्नास लाख पौंडांवर गेला. तो भरून निघावा म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांस बोलावून जमिनी देण्याचें धोरण ठरलें.

ह्याच सुमारास तेथील लोकांवर संकटांची परंपरा कोसळली होती. १८९० नंतर बुळकांडीनें गुरें मेलीं. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला व देवीची सांथ आली. नैरोबीजवळच्या किआंबू भागांतील कित्येक किकुयू मेले. उरलेल्यांपैकीं पुष्कळ उत्तरेकडे आप्तांच्या आश्रयास गेले. नेमक्या अशा वेळीं आलेल्या अधिकाऱ्यांस शेतें ओसाड दिसलीं व त्यांनीं तीं बेवारस ठरविलीं. पडीत जमीन व बेवारस जमीन ह्यांतील भेद आपल्याकडील कोणाही तलाठ्यास सांगतां येईल. दोन वर्षें नांगर लागला नाहीं म्हणून कोणाचें खातें बंद होत नाहीं. परंतु तेथें खातेंच नव्हतें.

१९०२ च्या कायद्यानें अशा जमिनी सरकारी समजून गोऱ्यांस ९९ वर्षांच्या पट्ट्यानें देण्याची सोय झाली. पुढल्याच वर्षीं लॉर्ड डेलामिअर ह्या एका गृहस्थास एक लाख एकर जमीन मिळाली. मसाई लोकांशीं १९०४ मध्यें करार करून त्यांचीं उत्तम कुरणें घेतलीं, व ठेवलेला मुलूख त्यांची जात पृथ्वीवर असेपर्यंत त्यांचाच राहील असें वचन दिलें. सात वर्षांनीं दुसरा करार होऊन त्यांतील लैकिपियाचें पठारही गेलें. मसाई कोर्टांत गेले. १९१३ मध्यें निकाल मिळाला कीं, करार दोन राज्यांमधील असल्यामुळें त्याची दाद ह्या कोर्टांत लागत नाहीं. म्हणजे जमीन सोडतांना ते प्रजा होते, आणि दाद मागतांना परकें राज्य ठरले!

१९१५ च्या कायद्यानें गोऱ्यांच्या पट्ट्याची मुदत ९९९ वर्षें केली, व तद्देशीयांकरितां राखलेल्या जमिनीही सरकारच्याच ठरविल्या. १९२१ मध्यें कोर्टानें त्याचा अर्थ स्पष्ट केला : किकुयू मनुष्य वडिलोपार्जित शेतांत सरकारच्या मर्जीवरील कूळ होय.

जमीन मिळाली तरी ती कसण्यास हात हवे होते. स्वतःचें शेत असलेला मनुष्य परक्याच्या मळ्यावर कां जाईल? त्यावर कराचा उपाय निघाला. १९०१ पासून झोपडीवर पट्टी बसली व थोड्याच वर्षांत ती तीन रुपयांवर गेली. रुपया हिंदुस्थानचाच, तेंच नाणें त्या वेळीं तेथें चालत असे. प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी, म्हणून दोन बायकांच्या घरास दुप्पट पट्टी. १९१० मध्यें झोपडी नसलेल्या तरुणांवरही डोईपट्टी आली. ह्या पट्टीचा जमिनीच्या कसाशीं वा पिकाच्या आणेवारीशीं कांहींएक संबंध नव्हता. ती रोकड भरावयाची, आणि रोकड मिळे ती बहुधा गोऱ्यांच्या मळ्यावर. कॉफीसारखें पैशाचें पीक तद्देशीयांस लावूं देत नसत. १९३० नंतरच्या दशकांत मोजक्या भागांतच ती बंदी सैल झाली.

१९१८ च्या कायद्यानें मळ्यांवर राहणाऱ्या कुटुंबांतील पुरुषांस वर्षाचे १८० दिवस मालकाचें काम करणें भाग पडलें. १९२० पासून सोळा वर्षांवरील पुरुषांस ‘किपांडे’ नांवाचा दाखला धातूच्या डबींत घालून गळ्यांत वागवावा लागे. त्यावर बोटांचे ठसे व नोकरीच्या नोंदी असत. धन्याची सही झाल्यावांचून काम सोडणें हा गुन्हा होता.

लोक मुकाट्यानें बसले होते असें नाहीं. १९२२ मध्यें हॅरी थुकू ह्या तरुण पुढाऱ्यास पकडलें, तेव्हां नैरोबींत जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन वीसांहून अधिक माणसें मेलीं. १९२३ मध्यें लंडनच्या सरकारनें श्वेतपत्रिका काढून आफ्रिकन लोकांचें हित सर्वश्रेष्ठ असल्याचें जाहीर केलें. पण उंच प्रदेशांतील जमिनी गोऱ्यांकरितां राखण्याचा निर्णय त्याच पत्रिकेंत कायम केला. ज्या हिंदी लोकांनीं आगगाडी बांधली, त्यांसही तेथें जमीन मिळत नसे.

अखेर १९५२ मध्यें ‘माऊ माऊ’ नांवानें प्रसिद्ध असलेलें बंड पेटलें व ऑक्टोबरांत आणीबाणी जाहीर झाली. एक हजारांहून अधिक लोक फांशीं गेले. दहा लाखांहून अधिकांस घरें सोडून पहाऱ्यांतील वस्त्यांत राहावें लागलें. बंडखोरांच्या हातूनही स्वजनांच्या क्रूर हत्या झाल्या, हें सांगितलें पाहिजे. छळ झालेल्या ५,२२८ लोकांस १९९ लक्ष पौंड देण्याचें ब्रिटिश सरकारनें मान्य केलें तें २०१३ मध्यें. तो दावा छळाचा होता, जमिनीचा नव्हे.

१२ डिसेंबर १९६३ रोजीं देश स्वतंत्र झाला. परंतु गोऱ्यांच्या जमिनी परत मिळाल्या त्या विकत घेऊन. त्याकरितां कर्जें काढलीं, आणि वाटणींत तुकडा मिळालेल्या शेतकऱ्यानें हप्त्यानें तें कर्ज फेडावयाचें. आजोबाची जमीन नातवानें मोल देऊन घेतली.

आणखी एक गोष्ट लेखकास विशेष बोंचते. बंड चालू असतांनाच, १९५४ पासून, सरकारनें किकुयू मुलखांत तुकडेजोड व जमीननोंदणी हातीं घेतली. लोकांस प्रथमच आपल्या नांवचा कागद मिळाला. पण कोणास? छावणींत डांबलेले लोक हद्द दाखविण्यास हजर नव्हते. मुहोईंचे जुने हक्क बहुधा लिहिले गेले नाहींत. शेत हातानें कसणाऱ्या बायकांऐवजीं नांव लागलें तें घरधन्याचें. कागद नसल्यामुळें आजोबा बुडाले. कागद झाला तेव्हां त्यानेंही कांहींजणांस बुडविलें.

लेखकानें आपल्या नोकरींत कित्येक वारसनोंदी लिहिल्या. एका नोंदींत भावांनीं बहिणीचें नांव सांगितलें नाहीं, आणि लेखकानेंही विचारलें नाहीं. पुढें ती विधवा होऊन माहेरीं आली, तेव्हां तिच्या हातीं दाखविण्यास कांहीं नव्हतें. अक्षर लेखकाचेंच होतें.

वाचकांनीं आपला उतारा काढून पाहावा. त्यावर आपलें नांव आहे कीं नाहीं, तें तर पाहावेंच. पण कोणाचें असावयास हवें होतें व नाहीं, तेंही पाहावें.