कपिलधारच्या धबधब्यात अकरावीचं फिजिक्स

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला लोक मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला येतात आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून जातात. अकरावीच्या पोरांनी मात्र धार जरा बाजूने बघावी. ‘मोशन इन अ प्लेन’ हा धडा तिथं चालू असतो.

कड्यावरून सुटताना पाण्याला फक्त आडवा वेग असतो. सुटल्यावर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, पण आडव्या वेगाला हात लावत नाही. दोन्ही गती एकाच वेळी चालतात, एकमेकींत ढवळाढवळ न करता. सगळी मेख इथंच आहे. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हेच मांडलं, आणि अशी वाट पॅराबोला असते हेही.

सोयीसाठी कडा 20 मीटरचा धरू. हवेचा विरोध सोडला, तर थेंब साधारण 2 सेकंदांत खाली. आडवा वेग सेकंदाला 2 मीटर असेल तर तो कड्यापासून 4 मीटर पुढे पडेल. पुराच्या पाण्याचा वेग 3 मीटर झाला तर 6 मीटर. वेळ मात्र तेवढाच, 2 सेकंद! बहुतेक पोरं इथंच अडतात.

पहिल्या सेकंदात थेंब जेमतेम 5 मीटर उतरतो, दुसऱ्यात 15. आडवं अंतर दोन्ही सेकंदांत सारखंच. म्हणून धार वर बाकदार आणि खाली जवळजवळ उभी दिसते. खालचे तुषार मात्र या गणितात बसत नाहीत, तिथं हवा मध्ये पडते.