दुकान विकत घेताना आपण नेमके काय विकत घेतो?

मिल बंद पडली तेव्हा आमच्या आप्पांच्या हाती फंडाचे आणि हिशेबाचे मिळून थोडे पैसे आले. त्यातून १९९९ साली त्यांनी सोलापुरातल्या एका पेठेतली पिठाची गिरणी चालू स्थितीत विकत घेतली. ६०,००० रुपये दिले. वीस रुपयांच्या स्टँपपेपरवर चार ओळी लिहिल्या गेल्या, खाली दोघांच्या सह्या झाल्या. मी तेव्हा सहावीत होतो. सहा महिन्यांच्या आत विकणाऱ्याने मागच्याच बोळात दुसरी गिरणी टाकली आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन 'तिथं आता कोण दळतंय ते बघून घ्या' असे सांगून आला. दळणाचे डबे कमी होत गेले. जागेचा मालक म्हणाला, 'मी तुम्हाला ओळखत नाही.' विजेचे मीटर जुन्या माणसाच्याच नावावर होते आणि त्यावर थकबाकी होती. दीड वर्षात गिरणी बसली. आप्पा म्हणत राहिले, 'कागद हाय की आपल्याजवळ.' तो कागद अजून घरी ट्रंकेत आहे. दावा कधी झाला नाही.

आज मी कॉलेजात व्यापारी कायदा शिकवतो. आमच्या वस्त्यांतून चहाची टपरी, चपलांचे दुकान, सलून, झेरॉक्सचे मशीन अजूनही याच रीतीने हातोहात विकले जाते आणि फसलेला माणूस नशिबाला बोल लावून गप्प बसतो. म्हणून या प्रश्नाची कायद्याच्या अंगाने उकल करावी असे वाटले.

पहिली गोष्ट, तो कागद निरर्थक नव्हता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १० वे कलम सांगते की सज्ञान माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर हेतूने केलेला ठराव हा करार होय. तोंडी करारही करारच असतो. अडचण असते ती पुराव्याची. आपल्याकडे नोटरीच्या शिक्क्याला फार मान आहे. पण नोटरीने अपुरा मजकूर पुरा होत नाही. मुद्रांक कमी भरलेला असेल तर मुद्रांक आणि दंड भरल्याखेरीज तो कागद पुराव्यात घेतला जात नाही.

दुसरी गोष्ट, 'गिरणी विकली' या दोन शब्दांत किती वस्तू दडलेल्या असतात? मोटार, दगड, पट्टा, वजनकाटा हे सामान एक. जागेचा भाडेहक्क दुसरा. वीजजोडणी आणि परवाने तिसरे. जुनी देणी चौथी. आणि पाचवी गोष्ट म्हणजे दुकानाचे नाव, ज्याला व्यापारी गुडविल म्हणतात. आप्पांच्या कागदात यांतले फक्त सामान होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे, मालकाशी झालेल्या करारात मुभा नसेल तर भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा मालकाची लेखी संमती नसेल तर घेणाऱ्याच्या हाती यंत्र येते, पण ते ठेवायला जागा उरत नाही. थकबाकीचेही तसेच. करार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नुसते गप्प राहणे ही एरवी फसवणूक ठरत नाही. बोलणे हे कर्तव्य असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल तरच ती ठरते. म्हणून घेणाऱ्याने विचारले पाहिजे, आणि 'कोणतेही देणे बाकी नाही, निघाल्यास मी भरीन' हे विकणाऱ्याकडून लिहून घेतले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विकणाऱ्याला मागच्या बोळात गिरणी टाकता येते का? करार कायद्याचे २७ वे कलम म्हणते की कोणालाही कायदेशीर धंदा करण्यास मनाई करणारा ठराव तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. पण त्याला एक अपवाद आहे. धंद्याचे गुडविल विकणाऱ्याला 'अमुक हद्दीत असाच धंदा करणार नाही' असे बंधन घालता येते. ती हद्द वाजवी पाहिजे, आणि घेणारा तिथे तो धंदा चालवीत असेतोपर्यंतच ते बंधन टिकते. मात्र ते करारात असावे लागते. आमच्या कागदात ती एक ओळ नव्हती. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ साली ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात म्हटले की गुडविल विकलेल्या माणसाला नवा धंदा काढता आला तरी जुन्या पेढीच्या गिऱ्हाइकांना गाठून आपल्याकडे ओढता येणार नाही. पण त्यासाठीही गुडविल विकले हे आधी दिसायला हवे.

करार मोडला तर काय मिळते? ७३ व्या कलमाप्रमाणे मोडण्यातून स्वाभाविकपणे झालेले, किंवा करार करतानाच दोघांना दिसत असलेले नुकसान भरून मिळते. दूरचे, आडवळणाचे नाही. शिवाय नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केले हेही पाहिले जाते. म्हणून रोजच्या गल्ल्याची वही लिहिली पाहिजे. वही नसेल तर तोटा दाखवणार कशावरून? 'करार मोडल्यास सर्व रक्कम जप्त' असे लिहिलेले असले तरी ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विकणाऱ्याला १,००० रुपयांचा बयाणा ठेवू दिला, पण करारात लिहिले आहे एवढ्यावरच पुढचे २४,००० रुपये जप्त करू दिले नाहीत. हप्त्याने दुकान घेणाऱ्या गरिबाने हे ध्यानात ठेवावे.

दावा करार मोडल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. आमची ती ३ वर्षे वकिलाला काय द्यायचे या विचारात गेली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. जिल्हा न्यायालयातच त्याचे कार्यालय असते. हे आप्पांना कोणी सांगितले नाही.

याच सोलापुरातील शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही मिल १९४९ साली बंद पडली आणि सरकारने १९५० साली तिचा कारभार ताब्यात घेतला, तेव्हा भागधारक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकाचा अर्ज १९५० साली फेटाळला गेला. दुसरे द्वारकादास श्रीनिवास १९५३ च्या डिसेंबरात जिंकले. मालमत्ता असलेल्यांना न्यायालयाची वाट ठाऊक होती. त्या मिलच्या साच्यांवर राबणाऱ्यांच्या मुलांना ती आज तरी ठाऊक आहे का?

तरीही सारा दोष अज्ञानाचा नाही. गुडविल म्हणजे जुने गिऱ्हाईक पुन्हा त्याच पायरीवर येईल ही आशा. दलिताच्या हाती दुकान येताच ही आशा जातीवर अडते. १९१७ साली परतल्यानंतरच्या काळात बाबासाहेबांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. पुढे १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे हा कायदा आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्यांना जवळून माहीत होत्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. पण एकेक घर न बोलता आपला डबा दुसरीकडे नेते, तेव्हा फिर्याद कोणावर करायची? तेवढा भाग कायद्याने सुटणार नाही. तो चळवळीचाच प्रश्न आहे.

पण कायद्याने सुटणारा भाग आपण का सोडावा? आपल्या कार्यकर्त्यांनी आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बुद्धविहारात बसावे. दुकान घेणाऱ्याचा कागद सही होण्याआधी वाचावा. सामान, जागा, मीटर, देणी आणि हद्द या पाच ओळी त्यात आहेत की नाहीत ते पाहावे. माझ्या वर्गात २७ वे कलम शिकवताना मी आता आप्पांच्या कागदाची प्रत फिरवतो आणि विचारतो, यात कोणती ओळ हवी होती? पोरांना ती सापडते. आप्पांना ती १९९९ साली दाखवणारे कोणी नव्हते.