प्रत्येकाच्या वाट्याचा वेग
स्क्विड या मुक्त प्रॉक्सी सर्व्हरमध्ये वापरकर्त्यागणिक वेग बांधून देण्याचे काम ‘डिले पूल’ करतात. प्रत्येकाच्या नावे जणू एक बादली असते. ती ठरावीक गतीने भरते, डाउनलोड होईल तशी रिकामी होते. १६०००/२५६००० असे लिहिले, की पहिले २,५६,००० बाइट झपाट्याने मिळतात. पुढे सेकंदाला १६,००० वर भागवायचे. त्यामुळे साधे वेबपान चटकन उघडते, चित्रपट उतरवणारा मात्र रखडतो. आकडे बाइटमध्ये असतात, बिटमध्ये नव्हे. इथे भलेभले आठपटीने चुकतात. दुसऱ्या वर्गाचा पूल माणूस नव्हे, आयपी पत्ता ओळखतो. लॉगिननुसार मर्यादा हवी तर चौथा वर्ग. कॅशमध्ये आधीच साठवलेल्या मजकुराला ही मर्यादा लागत नाही, कारण तो देताना बाहेरची लाइन वापरलीच जात नाही.