मायक्रोग्लिया आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

शास्त्रातील नाव पुष्कळदा वस्तूचे पुरते ज्ञान होण्यापूर्वीच दिले जाते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो याने चेतापेशींच्या सभोवतालच्या द्रव्यास १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ डिंक वा सरस. चेतापेशींना सांधून धरणे एवढेच या द्रव्याचे कार्य, अशी त्यामागची समजूत होती. पुढे १९१९ साली स्पेनमधील पिओ देल रिओ-ओर्तेगा याने त्यातून लहान, शाखायुक्त पेशींचा एक वर्ग निराळा केला आणि त्यास ‘मायक्रोग्लिया’ म्हटले. इजा झाली असता या पेशी रूप पालटून मृत अवशेष गिळतात, हेही त्याने दाखविले.

मायक्रोग्लिया या वस्तुतः मेंदूतील निवासी रोगप्रतिकारक पेशी होत. त्यांचे कूळ चेतापेशींहून भिन्न आहे. गर्भाच्या अगदी आरंभीच्या काळात त्या पीतककोशातून मेंदूत येतात, असे उंदरांवरील संशोधनाने २०१० साली सिद्ध झाले. तेथे त्या सतत आपल्या शाखा हालवून आसमंत चाचपीत असतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे पद्धतशीर वर्णन फ्रेंच वैद्य शार्को याने १८६८ साली केले. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे काठिण्य. मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी पडणारे कठीण चट्टे हे या रोगाचे लक्षण होय. चट्ट्याच्या जागी अक्षतंतूंवरील मायलिनचे स्निग्ध आवरण नष्ट होते, संदेशवहन मंदावते, आणि दृष्टी अंधुक होणे, अवयव बधिर होणे, तोल जाणे असे विकार उद्भवतात.

या रोगात दोन व्यापार चालू असतात. पहिल्यात रक्तातील लसिकापेशी मेंदूत शिरून आघात करतात. हेच रोगाचे उद्रेक. दुसऱ्यात उद्रेकावाचूनच रुग्णाची शक्ती वर्षानुवर्षे क्षीण होत जाते. प्रचलित औषधे पहिल्यास बऱ्याच अंशी आवर घालतात. दुसऱ्यावर त्यांचा प्रभाव अल्प आहे. मायक्रोग्लियांचा विचार महत्त्वाचा ठरतो तो येथे.

काही जुन्या चट्ट्यांचा गाभा शांत झालेला असला, तरी त्यांच्या कडेला लोह साठविलेल्या मायक्रोग्लिया व तत्सम भक्षकपेशी धुमसत राहतात. एमआरआय चित्रणात ही कड काळसर दिसते. असे चार किंवा अधिक चट्टे असलेल्या रुग्णांना अपंगत्व कमी वयात येते, असे २०१९ सालच्या एका अभ्यासात आढळले.

तथापि या पेशींना सरसकट घातक मानणे युक्त नव्हे. नष्ट झालेल्या मायलिनचे अवशेष दूर झाल्याखेरीज नवे आवरण नीट तयार होत नाही, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. आणि ही सफाई करण्यात मायक्रोग्लियांचा मोठा वाटा असतो. म्हणून त्यांचा समूळ नाश न करता त्यांचा प्रक्षोभ शमविणे, हे औषधयोजनेचे उद्दिष्ट ठरते.

या दृष्टीने टोलेब्रुटिनिब या औषधाच्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्या उद्बोधक आहेत. हे औषध बी-लसिकापेशी व मायक्रोग्लिया या दोहोंतील एका विकरास अटकाव करते. उद्रेक कमी करण्यात ते तुलनेच्या जुन्या औषधाहून सरस ठरले नाही; परंतु उद्रेकरहित दुय्यम वर्धिष्णू अवस्थेत अपंगत्व वाढण्याचा धोका त्याने औषधहीन गोळीच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी केला. यकृतास इजा होण्याचा संभव हा त्याचा गंभीर दोष होय. हा परिणाम मायक्रोग्लियांमुळेच झाला असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मात्र रोगातील दोन व्यापार भिन्न आहेत, या मतास त्यामुळे पुष्टी मिळते.

‘सरस’ या नावाने एके काळी या पेशींच्या कार्यावर पडदा टाकला. त्यांना आता ‘रक्षक’ वा ‘भक्षक’ म्हणण्यापूर्वी त्या कोणत्या चट्ट्यात आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत काय करीत आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.