हजारात एक?

मार्च महिन्यातली सकाळ. दिवेआगरच्या किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे पन्नासेक माणसे दाटीने उभी होती. कासवमित्राने टोपली वाळूवर कलती केली आणि ऑलिव्ह रिडले कासवाची जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची पिल्ले खुरडत समुद्राकडे निघाली. शेवटचे पिल्लू लाटेत दिसेनासे झाले तेव्हा शेजारच्या मुलीने मला विचारले, "आजोबा, यातली किती जगतील?" मी सवयीने म्हणालो, "हजारात एक." तिने रिकाम्या टोपलीकडे पाहिले. "पण ही तर ऐंशीच होती!"

अलिबागेत उभी हयात संख्याशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाची इतक्या थोडक्यात कोणी परीक्षा घेतली नव्हती. 'हजारात एक' हा आकडा मी वर्षानुवर्षे ऐकत आणि ऐकवत आलो होतो. तो कोणी मोजला, कसा मोजला, हे मात्र स्वतःला कधी विचारले नव्हते. घरी परतल्यावर शोध सुरू केला.

वाळूतला हिशेब

या गणिताचा पहिला भाग सोपा आहे, कारण तो जमिनीवर घडतो. आपल्या रायगड जिल्ह्यात दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी. कुत्री, कोल्हे आणि माणूस यांच्यापासून ती वाचावीत म्हणून कासवमित्र ती मोजून उचलतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर आली की खड्डा उकरतात. रिकामी टरफले, न उबलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजतात. फुटलेल्या टरफलांना एकूण अंड्यांनी भागले की उबवणीचे प्रमाण मिळते. कोकणात या कामाची घडी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी बसवली. त्याआधी बरीच अंडी लोकांच्या ताटात जात.

हा आकडा खरा, मोजलेला आणि पडताळता येणारा असतो. अडचण त्याच्यापुढे सुरू होते. 'अमुक हजार पिल्ले समुद्रात सोडली' ही बातमी आपण आनंदाने वाचतो आणि नकळत 'अमुक हजार कासवे वाढली' असा तिचा अर्थ लावतो.

पाण्यातला अंधार

मग पिल्लांवर खूण करून ती नंतर ओळखता येणार नाहीत का? पहिली अडचण आकाराची. पिल्लाचे वजन वीस ग्रॅमच्या आत असते. मोठ्या कासवाच्या पायाला लावतात तसा धातूचा बिल्ला त्याला पेलणार नाही. दुसरी अडचण काळाची. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि नर तर किनाऱ्यावर सहसा येतच नाही. तिसरी अडचण निव्वळ संख्येची. समजा, हजारात खरोखर एकच जगते आणि परतलेल्या दहा कासवांपैकी आपल्याला एकच सापडते. अशी फक्त दहा कासवे पुन्हा पाहायची तर एक लाख पिल्लांवर खुणा कराव्या लागतील.

समजा, तीनशे पिल्लांवर खुणा केल्या आणि एकही परतले नाही. मग जगण्याचे प्रमाण शून्य म्हणायचे का? नाही. संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' म्हणून एक ठोकताळा आहे. बऱ्याच नोंदींत घटना एकदाही घडली नाही, तर तिचे खरे प्रमाण फार तर ३ भागिले नोंदींची संख्या इतके असू शकते, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. तीनशे पिल्लांमागे ही वरची मर्यादा एक टक्का, म्हणजे हजारात दहा! 'एकही दिसले नाही' या वाक्यात एवढी मोठी शक्यता दडलेली असते.

तरीही या अंधारात काही दिवे लावले गेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या हेरन बेटावर एमा ग्युरिस यांनी हिरव्या कासवांच्या पिल्लांना बारीक दोरा बांधून प्रवाळखडकावरून पोहत जाताना त्यांचा पाठलाग केला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेवढ्या पहिल्या टप्प्यातच सरासरी सुमारे ३१ टक्के पिल्ले माशांनी खाल्ली. काही चाचण्यांत एकही गेले नाही, तर काहींत ८५ टक्के गेली. हा आकडा उचलून दिवेआगरला लावणे मात्र चूक ठरेल. आपल्याकडे तसा प्रवाळाचा कट्टा नाही, आणि कासवाची जातही वेगळी. त्यातून घ्यायचे ते इतकेच, की प्रमाण जागेगणिक, भरतीगणिक, चांदण्यागणिक बदलते.

उलटा हिशेब

मग 'हजारात एक' आले कुठून? मुख्यतः उलट्या बाजूने. पिल्ले मोजता येत नाहीत, पण माद्या आणि अंडी मोजता येतात. सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. एक मादी एका वेळी ११० अंडी घालते, हंगामात दोनदा घालते, आणि आयुष्यात असे पाच हंगाम येते. एकूण अंडी झाली १,१००. कासवांची संख्या वाढतही नसेल आणि घटतही नसेल, तर या १,१०० अंड्यांतून सरासरी दोनच प्रौढ तयार व्हायला हवेत, आईच्या जागी एक मादी आणि बापाच्या जागी एक नर. म्हणजे साडेपाचशेत एक. हंगाम अधिक धरले की हजारात एक, कमी धरले की दोनशेत एक.

याच धर्तीचे, पण फार काटेकोर काम नॅट फ्रेझर यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया किनाऱ्यावरच्या लॉगरहेड कासवांवर १९८६ साली केले. तिथली संख्या घटत होती, तेही त्यांनी हिशेबात धरले. अंड्यापासून प्रौढापर्यंतचे उत्तर हजारामागे सुमारे एक ते दोन असे निघाले.

माझ्या तोंडी बसलेल्या आकड्याचे हे खरे रूप. समुद्रात जाऊन कोणी जिवंत पिल्ले मोजलेली नाहीत. संख्या टिकायची असेल तर इतकी जगायला हवीत, अशी ती अट आहे. अट पुरी होते आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

जाळ्यातली आई

वरच्या हिशेबात एकच बदल करून पाहा. मादी पाचऐवजी दोनच हंगामांनंतर जाळ्यात गुदमरून मेली. आता अंडी झाली ४४०, आणि त्यातूनही दोन प्रौढ हवेतच. साडेपाचशेत एक जगून भागत होते, तिथे आता दोनशेवीसात एक जगावे लागेल. पिल्लांचे काहीच बदलले नाही, तरी त्यांच्यावरचा भार अडीचपट झाला.

हॅचरी हा भार कितपत उचलेल? उबवणीचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ८० वर नेले तर पिल्ले दुप्पट होतात, अडीचपट नाही. आणि शंभराच्या वर तर कोणीच जाऊ शकत नाही. क्राउस, क्राउडर आणि कॅस्वेल या तिघांनी १९८७ साली लॉगरहेडच्या आयुष्याचे टप्पे पाडून हेच दाखवले. सगळी अंडी वाचवली तरी ती घसरण थांबत नव्हती. मोठ्या पिल्लांचे जगणे सुधारले की थांबत होती. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यातून कासवाला निसटू देणाऱ्या खिडकीचा आग्रह धरायला या गणिताने मोठे बळ दिले.

याचा अर्थ हॅचरी व्यर्थ, असा मुळीच नाही. जिथे जवळजवळ सगळी अंडी जात होती, तिथे शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. तो शून्य कासवमित्रांनी पुसला. पुढचा गुणक मात्र खोल पाण्यात, आपल्या कोळी बांधवांच्या हाती आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, ती या दृष्टीने मोलाची. अशी प्रत्येक सुटका जीव वाचवतेच, शिवाय कोणत्या आकाराचे कासव कुठे, कधी सापडले याची नोंदही देते. ज्या वयाबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी माहिती आहे, नेमकी त्या वयाची.

वेधशाळेची शिकवण

इथे मला आमच्या गावची चुंबकीय वेधशाळा आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती अलिबागला आली. पण डॉ. नानाभाई मूस यांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, आणि मगच जुनी मालिका नव्या जागी जोडली.

कासवांच्या अभ्यासकांची युक्ती अशीच आहे. ते मादीच्या एका वल्ह्याला एक आणि दुसऱ्याला एक असे दोन बिल्ले लावतात. नंतर काही माद्या एकाच बिल्ल्यासह दिसल्या, की बिल्ले गळण्याचे प्रमाण काढता येते. नाही तर गळालेला बिल्ला मेलेले कासव म्हणून मोजला गेला असता. न परतलेली मादीही मेलेली असेलच असे नाही. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. केवळ ओडिशाच्या वहीत पाहिले असते तर ती 'गेली' अशीच नोंद राहिली असती. म्हणून अशा हिशेबातून निघते त्याला 'दिसलेले जगणे' म्हणावे. खरे जगणे त्याहून थोडे अधिकच असते.

मूस यांच्या मालिकेचे मोल तिच्या अखंडतेत आहे. कासवांचेही तसेच. यंदाच्या पिल्लांचे उत्तर २०४० च्या आसपास कुठल्या तरी किनाऱ्यावर मिळेल, तेही आजची वही तेव्हा जपलेली असेल तर.

पुढच्या हंगामात कोणी विचारले तर मी सांगणार आहे, "बाळा, किती जगतील ते अजून कोणी मोजलेले नाही. किती जगायला हवीत, तेवढे ठाऊक आहे." आणि मग तिला किनाऱ्यावरून कासवमित्राची वही दाखवीन, आणि क्षितिजावरच्या होड्याही.