चुकांची वंशावळ

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे क्षेत्र उभे राहते. परंतु मला अभिप्रेत असलेले पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात आणि १९४८ पूर्वी निजामाच्या अमलात असलेले, काळ्या जमिनीचे, कापूस, सोयाबीन आणि हळद पिकविणारे गाव होय. या मुलखात वतनाचा किंवा इनामाचा वाद उभा राहिला म्हणजे पूर्वी उभय पक्ष आपापल्या दप्तरांतून वंशावळीच्या नकला काढीत, आणि ज्याला कागदाची पारख असे तो जाणता मनुष्य त्या नकलांत जुळणारा मजकूर पाहण्याऐवजी चुकलेला मजकूर शोधीत असे. दोन नकलांत बरोबर असलेली नावे सारखी निघाली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर ते अस्सल कागदावरूनच उतरलेले असते. पण दोहोंत एकाच खापरपणज्याचे नाव एकाच तऱ्हेने चुकलेले आढळले, तर त्या दोन्ही नकला अस्सलावरून स्वतंत्रपणे उतरलेल्या नसून मधल्या एखाद्या सदोष, आणि आता बहुधा नष्ट झालेल्या, तिसऱ्या नकलेच्या लेकी आहेत असा निष्कर्ष काढावा लागतो. नाते सिद्ध होते ते समान चुकीने. गेल्या शतकात जीवसृष्टीचा इतिहास गणिताने पुन्हा रचण्याचे जे शास्त्र उदयास आले, त्याचे मूळ मला या एका वाक्यात दिसते.

डार्विनने १८३७ साली आपल्या टिपणवहीत फांद्यांची एक ओबडधोबड आकृती काढली, आणि १८५९ च्या ग्रंथात जी एकमेव आकृती घातली तीही वृक्षाचीच होती; मात्र कोणती फांदी कोणत्या फांदीतून फुटली हे ठरवावयाचे कसे, याचा काटेकोर नियम सांगण्याचे श्रेय विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या १९५० च्या ग्रंथाकडे जाते. रोहू मासा, देवमासा आणि गाय या तिघांनाही पाठीचा कणा आहे. तो तिघांच्या समाईक पूर्वजापासून आलेला असल्यामुळे त्यांच्यातील जवळचे नाते तो सांगू शकत नाही. पिलाला दूध पाजण्याची नवी रीत मात्र देवमासा आणि गाय या दोघांतच आहे, आणि आकाराने माशासारखा दिसणारा देवमासा गायीचा भाऊबंद ठरतो तो तिच्यामुळे. जीवशास्त्रातील ही ‘नवी रीत’ म्हणजे पोथीशास्त्रातील ‘समान चूक’.

पोथीशास्त्रातील या विचाराचे आपल्याकडील सर्वांत भव्य उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घडले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याचा आरंभ १९१९ साली झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे प्रमुख संपादकत्व आले. आणि १,२५९ पोथ्यांचा परामर्श घेऊन १९६६ मध्ये हे कार्य सिद्धीस गेले, तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशी संस्कृत विद्येचे अध्ययन करण्यापूर्वी सुकथनकर केंब्रिजला गणिताचे विद्यार्थी होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ओझरती येते. मला ती त्यांच्या कार्याची किल्ली वाटते. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वासाठी त्यांनी साठ पोथ्यांची अक्षरशः तुलना केली आणि प्रस्तावनेत त्यांचा वंशवृक्ष मांडला: मूळ खोडातून उत्तरेची व दक्षिणेची अशा दोन शाखा, उत्तरेच्या शाखेत काश्मीरकडील शारदा लिपीची परंपरा एका बाजूस आणि नेपाळी, मैथिली, बंगाली परंपरा दुसऱ्या बाजूस, तर दक्षिणेत तेलुगू व ग्रंथ लिपींपासून वेगळी पडलेली मलयाळम परंपरा. काश्मीरची भूर्जपत्रावरची पोथी आणि केरळची ताडपत्रावरची पोथी या परस्परांपासून इतक्या दूर वाढल्या की त्यांचा जिथे मेळ बसतो तो पाठ प्राचीनच असला पाहिजे, असा त्यांचा न्याय होता. आणि त्या न्यायाने व्यासांचा लेखनिक म्हणून गणपती बसल्याची, घरोघरी सांगितली जाणारी कथा संहितेतून निघून परिशिष्टात गेली. श्रद्धाळू मनाला तो आघात वाटला असेल, पण परिशिष्टात का होईना ती अक्षर न अक्षर जपली गेली, यात संपादकाची सचोटी दिसते.

साठ पोथ्यांचा वंशवृक्ष हाताने मांडणे म्हणजे काय याची कल्पना येण्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे. प्रत्येक वेळी फांदी दुभंगते असे धरले, तर दोन पोथ्यांचा वृक्ष एकच. त्यात तिसरी पोथी जोडण्यास तीन जागा, चौथीस पाच, पाचवीस सात. म्हणून तीन पोथ्यांचे वृक्ष ३, चारांचे १५, पाचांचे १०५, आणि दहांचे ३,४४,५९,४२५. एर्न्स्ट श्रोडर या जर्मन गणितज्ञाने १८७० मध्येच ही मोजणी केली होती. याच रीतीने साठांपर्यंत गेल्यास संख्या सत्त्याण्णव आकडी होते. ते सर्व वृक्ष एकेक तपासून उत्तम तो निवडण्याची गोष्ट आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेरची आहे. वृक्ष तपासत बसण्याऐवजी तो सामग्रीतूनच प्रकट व्हावा असा मार्ग गणिताला शोधावा लागला.

त्या मार्गातील एक मोलाचा टप्पा मला विशेष प्रिय आहे, कारण तो जीवशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात गाठला गेला नाही. १९७० साली रुमानियात, काळ्या समुद्राच्या काठी मामाया येथे, लंडनची रॉयल सोसायटी आणि रुमानियाची अकादमी यांच्या विद्यमाने पुरातत्त्व व इतिहास यांतील गणित या विषयावर विद्वानांची परिषद भरली, आणि तिचा ग्रंथ पुढील वर्षी एडिंबरा येथून प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या सी. आर. राव यांचा मानववर्गीकरणावरील निबंध आहे, जॉन हेग यांचा पोथ्यांच्या परस्परसंबंधावरील निबंध आहे, आणि त्याच्या शेजारी पीटर ब्यूनमन यांचा, भिन्नतेच्या मापांवरून वृक्ष परत कसा मिळवावा या प्रश्नावरील निबंध आहे. जीवांचा इतिहास शोधणारे गणितज्ञ आजही त्या निबंधाचा आधार घेतात.

ब्यूनमन यांच्या नावाशी निगडित झालेली, आणि झारेत्स्की या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्येच ओळखलेली ‘चार बिंदूंची अट’ शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. क, ख, ग, घ या चार पोथ्या घ्या आणि कोणत्याही दोन पोथ्यांत किती भेद आहेत ते मोजा. समजा क-ख ५, ग-घ ५, क-ग ११, ख-घ ९, क-घ ८ आणि ख-ग १२. आता चौघांच्या जोड्या लावण्याच्या तीन तऱ्हांची बेरीज करा: पहिली १०, दुसरी २०, तिसरी २०. मोठ्या दोन बेरजा समान आल्या, म्हणजे या चौघांचे नाते वृक्षाचेच. लहान बेरीज ज्या जोड्यांची, त्या जोड्या सख्ख्या. आणि मोठ्या व लहान बेरजांतील अंतराचे निम्मे, म्हणजे ५, ही त्या दोन घराण्यांना जोडणाऱ्या मधल्या फांदीची लांबी. ती नष्ट झालेली मधली नकल कोणी पाहिली नाही, तरी ती किती दूर होती हे साध्या बेरीज-वजाबाकीने कळते! भेद निर्दोष मोजता आले तर कितीही पोथ्यांचा वृक्ष अशा चौकड्यांतून एकमेव ठरतो.

व्यवहारात भेद निर्दोष मोजता येत नाहीत. दोन निष्काळजी लेखकांच्या हातून, एकमेकांची ओळखदेख नसताना, तीच चूक होते, आणि पुष्कळ काळ पुष्कळ बदललेल्या दोन जीवशाखांतही तसेच घडते. १९७८ साली जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी सिद्ध केले की अशा लांब फांद्या असताना, कमीत कमी बदल मानणारा वृक्षच खरा असे धरून चालणारी पद्धत चुकीचा वृक्ष देऊ शकते, आणि सामग्री जसजशी वाढवावी तसतशी ती त्या चुकीवर अधिकच ठाम होते. साक्षीदार वाढविले की सत्य जवळ येते, हा आपला सर्वांचा समज येथे गणिताने मोडून काढला. त्यानंतर त्यांनीच १९८१ मध्ये संभाव्यतेवर आधारलेली गणनेची रीत व्यवहार्य करून दाखविली आणि १९८५ मध्ये प्रत्येक फांदीवर कितपत भरवसा ठेवावा हे मोजण्याचे साधन दिले.

याहून गंभीर अडचण म्हणजे मूळ नातेच वृक्षाचे नसणे. सुकथनकरांना ती पदोपदी भेडसावली, कारण आपले लेखक एक पोथी उतरताना दुसरी शेजारी उघडून ठेवीत आणि जिथे जे अधिक मिळेल ते आपल्या प्रतीत घेत. म्हणूनच महाभारताच्या पोथ्यांचा काटेकोर वृक्ष लावता येत नाही, पाठपरंपरांचाच काय तो लावता येतो, हे त्यांनी मान्य केले. पुसेगावच्या शिवारात याचा सजीव पुरावा उभा आहे. तेथे आज बहुतेक ठिकाणी पेरला जातो तो अमेरिकी कुळीचा कापूस दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन घराण्यांच्या संकरातून जन्मला: एक घराणे जुन्या जगातले, आपल्या देशी कापसाच्या गणगोतातले, दुसरे अमेरिकेतले, आणि दोहोंची गुणसूत्रे तो आजही पूर्णपणे बाळगून आहे. त्याच्या वंशावळीत दोन फांद्या पुन्हा एकत्र येतात, म्हणून तिथे वृक्षाऐवजी जाळे काढावे लागते.

अशी जाळी काढण्यासाठी घडविलेले गणित पुढे पोथ्यांकडे परत आले. १९९८ मध्ये चॉसरच्या कँटरबरी कथांपैकी एका प्रकरणाच्या ५८ हस्तलिखितांचे नाते जीवशास्त्राच्या रीतीने लावून दाखविण्यात आले. आणि मेक्सिकोच्या वेंडी फिलिप्स-रोद्रिगेझ यांनी केंब्रिजच्या सहकाऱ्यांसमवेत सभापर्वातील द्यूतपर्वाच्या पोथ्यांना तीच कसोटी लावून, लेखकाने मध्येच आधाराची पोथी बदलल्याच्या खुणा कशा हुडकाव्यात याचा विचार केला. ज्या केंब्रिजात सुकथनकर गणित शिकले, त्याच केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन संस्थेत २००७ साली सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत जीववंशांच्या गणितावर जगभरच्या अभ्यासकांचे सत्र चालले होते.

पुसेगावापासून फार दूर नसलेल्या, कयाधूकाठच्या नर्सीला परंपरा नामदेवांचे जन्मस्थान मानते. त्यांची ६१ पदे शिखांच्या १६०४ सालच्या आदिग्रंथात आहेत, राजस्थानातील पोथ्यांत आणखी आहेत, आणि मराठी गाथेत तर विष्णुदास नाम्याचे अभंग त्यांच्या अभंगांत मिसळून गेलेले आहेत. विनांद काल्लेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी हिंदी पदांच्या जुन्या पोथ्या एकत्र करून १९८९ मध्ये त्यांची आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांना आढळले की या पोथ्यांच्या मुळाशी एखादी लिखित पोथी नसून फिरत्या गायकांचे कंठ आहेत: एकाच पदाची कडवी एका पोथीत एका क्रमाने, दुसरीत वेगळ्या क्रमाने, आणि तीही रागांच्या विभागणीसह. लेखकाची चूक पुढच्या नकलेत उतरते. गायकाने आज बदललेले कडवे उद्या तोच पूर्ववत म्हणू शकतो, आणि परवा दुसऱ्या गावी दुसऱ्याच फडाचे कडवे त्यात घालू शकतो. अशा परंपरेसाठी चार बिंदूंची अट कोठवर टिकेल, हे नर्सीच्या अभंगांच्या मराठी पोथ्या एकत्र मोजून पाहण्यासारखे आहे.